कॉनरॅड वॉडिंग्टन : डोळ्याची पेशी यकृताची का होत नाही, हे विचारणारा शास्त्रज्ञ



पेशींचा पाठ शिकवताना एक प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. आपण फळ्यावर लिहितो की सगळं शरीर एकाच पेशीपासून तयार होतं आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. लगेच मागच्या बाकावरून हात वर येतो. "बाई, मग डोळ्यात केस का उगवत नाहीत? यकृतात दात का येत नाहीत?" वर्ग हसतो. पण प्रश्न हसण्यासारखा नाही बरं का! याच प्रश्नाने एका माणसाला आयुष्यभर झपाटलं होतं. त्यांचं नाव कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन. आज सगळीकडे ऐकू येणारा 'एपिजेनेटिक्स' हा शब्द त्यांनीच घडवला. चला तर मग, त्यांची ओळख करून घेऊया.

बालपण आणि दोन गुरू

वॉडिंग्टन यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडमधील इव्हशॅम या गावी झाला. त्यांचे वडील वायनाडमध्ये चहाच्या मळ्यावर कामाला होते. वायनाड आज केरळात आहे, तेव्हा तो भाग मद्रास इलाख्यात होता. त्यामुळे छोट्या कॉनरॅडची पहिली काही वर्षं आपल्या भारतात गेली. मात्र तो चार वर्षांचा असताना, १९१० मध्ये, त्याला इंग्लंडला काका-काकू आणि आजीकडे ठेवण्यात आलं. आईवडील १९२८ पर्यंत भारतातच राहिले. म्हणजे मुलाचं शाळा-कॉलेज सगळं आईवडील समुद्रापलीकडे असतानाच झालं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं आजी-आजोबांजवळ राहून शाळेत येतात, ती मला हे वाचताना आठवली. परिस्थिती वेगळी, पण चार वर्षांचं मूल ते चार वर्षांचंच.

या मुलाला गावातले एक औषधविक्रेते भेटले. दूरच्या नात्यातले होते, तो त्यांना आजोबाच म्हणायचा. दगड कसे ओळखायचे, रसायनं कशी मिसळायची, हे सगळं त्यांनी त्याला दाखवलं. त्यातून त्याला जीवाश्म गोळा करायचा नाद लागला, त्यातही अमोनाइटचा. अमोनाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचं गुंडाळलेलं कवच. आपल्या देवघरातला शाळिग्राम पाहिला असेल ना? गंडकी नदीतल्या कित्येक शाळिग्रामांत असाच अमोनाइट असतो. त्याची एक गंमत आहे. कवच बाहेरच्या बाजूला वाढत जातं, त्यामुळे अगदी मधल्या वेढ्यात त्या प्राण्याचं बालपण तसंच शिल्लक राहतं. प्राणी लहानाचा मोठा कसा झाला हे एकाच वस्तूत वाचता येतं. पुढे वॉडिंग्टन यांनी जो प्रश्न हाती घेतला तोही 'मोठं कसं होतं' हाच होता.

दुसरे गुरू शाळेत भेटले. क्लिफ्टन कॉलेज या शाळेत एरिक जॉन होमयार्ड नावाचे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा झाल्यावर मधल्या वर्षात त्यांनी वॉडिंग्टनकडून रसायनशास्त्र कसून करून घेतलं, शिवाय जुन्या अरबी किमयागारांच्या गोष्टीही सांगितल्या. होमयार्ड सरांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

दगडांकडून गर्भाकडे

केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजातून १९२६ मध्ये वॉडिंग्टन भूविज्ञानात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. अमोनाइटवर संशोधनही सुरू केलं, पण ते पूर्ण झालं नाही. मध्येच तत्त्वज्ञानाची शिष्यवृत्ती मिळाली, मग ग्रेगरी बेटसन या मित्रामुळे आनुवंशिकतेची गोडी लागली. आपल्याकडे असं कुणी केलं की घरचे म्हणतात, याचं एक धड नाही! पण त्यांची ही भटकंती वाया गेली नाही.

त्या काळी जीवशास्त्रात एका प्रयोगाचा खूप गाजावाजा होता. जर्मनीत हान्स स्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये न्यूट या बेडकासारख्या उभयचर प्राण्याच्या गर्भातला एक छोटा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला लावला. तिथे चक्क दुसरा गर्भ तयार होऊ लागला! पाठीचा कणा, मज्जारज्जू, सगळं. त्या तुकड्याला 'संघटक' असं नाव पडलं. हिल्डे त्याच वर्षी घरातल्या अपघातात भाजून गेल्या. स्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळालं.

वॉडिंग्टन यांनी केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत ऑनर फेल यांच्याकडे कोंबडी आणि बदकाचे गर्भ काचेच्या भांड्यात वाढवले आणि पक्ष्यांमध्येही असा संघटक असतो हे दाखवून दिलं. आता प्रश्न असा, की त्या तुकड्यात असं काय आहे? तुकडा मारून टाकला तरी तो काम करतो, हे जर्मनीत दिसलं होतं. म्हणजे काहीतरी रसायन असणार. वॉडिंग्टन, जोसेफ नीडहॅम आणि त्यांचे सहकारी त्या रसायनाच्या मागे लागले.

आणि इथे फजिती झाली. एक रसायन वापरलं, गर्भात मज्जातंतूंची ऊती तयार झाली. दुसरं वापरलं, तरी झाली. शेवटी मिथिलीन ब्लू वापरून पाहिलं, तरीही झाली! मिथिलीन ब्लू म्हणजे गालाच्या आतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघताना आपण शाळेत जो निळा रंग टाकतो तो. तो काही न्यूटच्या शरीरात नसतो. मग त्याने मज्जातंतू कसे तयार होतील?

बरेच जण इथे हताश होऊन विषय सोडून गेले. वॉडिंग्टन यांनी वेगळा अर्थ काढला. किल्ली कुठलीही चालते आहे, याचा अर्थ मोठं रहस्य किल्लीत नसून कुलपात आहे. बाहेरून येणारा इशारा अगदी साधा असू शकतो. त्याला उत्तर द्यायची तयारी पेशीच्या आत आधीपासून असते, आणि ती तयारी जनुकं करतात. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. आज ऐकायला साधी वाटते, पण तेव्हा गर्भाचा अभ्यास करणारे आणि जनुकांचा अभ्यास करणारे एकमेकांशी फारसं बोलतच नव्हते.

एक शब्द आणि एक चित्र

वॉडिंग्टन १९३८ मध्ये अमेरिकेत गेले आणि फळमाशीच्या पंखांचा अभ्यास केला. पंख एका जनुकाने तयार होत नाही, पुष्कळ जनुकं मिळून पायरीपायरीने तो घडवतात, हे त्यांना दिसलं. परत आल्यावर १९४२ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. जुन्या काळापासून 'एपिजेनेसिस' असा एक शब्द होता. प्राणी सुरुवातीपासून लहान रूपात तयार नसतो, तो टप्प्याटप्प्याने घडत जातो, असा त्याचा अर्थ. त्याला त्यांनी 'जेनेटिक्स' जोडलं आणि शब्द तयार झाला, एपिजेनेटिक्स. जनुकांपासून प्रत्यक्ष शरीर कसं घडतं, त्याचा अभ्यास.

हा लेख 'एन्डेव्हर' नावाच्या मासिकात आला. त्या मासिकाचे संपादक कोण होते माहीत आहे? क्लिफ्टनचे तेच होमयार्ड सर! शाळेत रसायनशास्त्र घोटून घेणाऱ्या शिक्षकांच्याच मासिकात विद्यार्थ्याचा सगळ्यात प्रसिद्ध शब्द छापला गेला. हे वाचलं तेव्हा मला दोन मिनिटं पुढे वाचवेना.

शब्दापेक्षाही त्यांचं चित्र जास्त गाजलं. १९४० च्या पुस्तकात जॉन पायपर या चित्रकाराने काढलेलं दरीखोऱ्यांचं चित्र होतं, आणि १९५७ च्या पुस्तकात ते चित्र नव्या रूपात आलं. डोंगरउताराच्या माथ्यावर एक गोटी आहे. खाली उतरत जाताना दरीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे. गोटी प्रत्येक फाट्यावर एक वाट घेते आणि शेवटी कुठल्यातरी एका दरीच्या तळाशी थांबते. गोटी म्हणजे पेशी. एक तळ डोळ्याचा, एक यकृताचा, एक स्नायूचा.

आपल्याला हे समजायला महाबळेश्वर पुरे आहे. कृष्णा आणि सावित्री दोन्ही तिथेच उगम पावतात. पण कृष्णेचं पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातं आणि सावित्रीचं कोकणातून अरबी समुद्रात. माथ्यावर पावसाचे दोन थेंब वीतभर अंतरावर पडलेले असतील, पण एकदा घाट उतरल्यावर सावित्रीच्या थेंबाला कृष्णेत जाता येत नाही. पाणी दोन्हीकडे तेच! पेशीचंही तसंच, डीएनए तोच, दरी वेगळी.

१९५७ च्या पुस्तकात याच उताराचं खालच्या बाजूने काढलेलं चित्रही आहे. खाली जमिनीत खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांना दोर बांधले आहेत, आणि ते दोर वरच्या पृष्ठभागाला ताणून धरतात. खुंट्या म्हणजे जनुकं. दोर ओढले-सोडले की वर दरी बदलते. एकच खुंटी काढली तर कदाचित काहीच होणार नाही, कारण बाकीचे दोर धरून ठेवतात.

युद्ध, एडिंबरा आणि माश्या

दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन ब्रिटिश हवाई दलाच्या किनारी विभागात आकडेमोडीच्या कामावर होते. पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या नोंदी तपासताना त्यांना दिसलं, की ठरलेल्या तपासणीनंतर लगेच विमानं जास्त बिघडतात! नको तिथे हात लावल्यामुळे. गाडी सर्व्हिसिंगहून आणल्यावरच कुरकुरायला लागते हा अनुभव कुणाला नाही?

युद्धानंतर १९४७ मध्ये ते एडिंबरा विद्यापीठात पशु-आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. तिथला १९५३ चा त्यांचा प्रयोग आजही वाद घडवतो. फळमाशीच्या कोषांना त्यांनी काही तास ४० अंश सेल्सिअस तापमानात ठेवलं. काही माश्यांच्या पंखातली आडवी शीर नाहीशी झाली. अशाच माश्या निवडून त्यांची पैदास केली, पुढच्या पिढीला पुन्हा उष्णता, पुन्हा निवड. चौदा-पंधरा पिढ्यांत अशा काही माश्या निघाल्या की उष्णता न देताही त्यांच्या पंखात ती शीर नव्हती.

म्हणजे उष्णतेने झालेला बदल थेट पुढच्या पिढीत गेला का? नाही. इथे खूप जण घसरतात, म्हणून नीट वाचा. त्या माश्यांमध्ये लहानलहान जनुकीय फरक आधीपासूनच दडलेले होते. एरवी दरी खोल असल्याने ते दिसत नव्हते. उष्णतेने ते उघडे पडले आणि निवडीमुळे एकत्र आले. सगळ्या माश्या जनुकांनी सारख्याच असतील तर हा प्रयोग होतच नाही. तरीही त्यांच्यावर जुन्या, खोडून निघालेल्या मताचा शिक्का बसला तो बसलाच.

मग खुंट्यांना दोर बांधतं कोण?

वॉडिंग्टन यांच्या चित्रात एक गोष्ट नव्हती. पेशी एकदा यकृताची झाली की तिच्यापासून होणाऱ्या पेशीही यकृताच्याच होतात. त्यांना हे आठवतं कसं?

उत्तराचा धागा १९४८ मध्येच दिसला होता. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसीन या अक्षराचं एक वेगळं रूप रोलिन हॉचकिस यांना सापडलं. त्याला एक छोटी शेपटी होती, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. हिलाच मेथिल गट म्हणतात. (मिथिलीन ब्लूच्या नावाशी साम्य आहे, पण इथे त्याचा काही संबंध नाही, मुलं हमखास विचारतात.) ही शेपटी कशासाठी, हे पुढची पंचवीस वर्षं स्पष्ट झालं नाही. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबिन हॉलिडे आणि जॉन प्यू यांनी, आणि अमेरिकेत आर्थर रिग्ज यांनी स्वतंत्रपणे, एकच कल्पना मांडली की ही शेपटी म्हणजे पेशीची आठवण असावी.

कल्पना अशी. शरीरातल्या पेशींत ही शेपटी मुख्यतः तिथे असते जिथे सायटोसीननंतर ग्वानीन येतं. समोरच्या धाग्यावरही उलट दिशेने तेच दोन अक्षरांचं जोडपं असतं. पेशीचं विभाजन होताना दोन धागे सुटतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा तयार होतो. जुन्या धाग्यावर खूण असते, नव्यावर नसते. एक विकर अशा अर्धवट जागा शोधतं आणि नव्या धाग्यावरही खूण करून टाकतं. झालं! अक्षर एकही बदललं नाही, तरी खूण पुढच्या पेशीत गेली. वहीत धडा तोच, पण कुठली पानं दुमडून ठेवायची तेही पुढच्याने उतरवून घेतलं. माणसाच्या डीएनएत अशी सुमारे २ कोटी ८० लाख जोडपी आहेत, आणि शरीरातल्या पेशींत त्यातली ७० ते ८० टक्के मेथिलयुक्त असतात. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात ही खूण दाट असली की ते जनुक बहुधा बंद राहतं.

गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि मग नव्याने बसवल्या जातात. गोटी पुन्हा माथ्यावर! पुढे प्रत्येक फाट्यावर खुणा वाढतात. पण दरी फक्त मेथिलेशनच कोरतं असं समजू नका. जनुकं चालू करणारी प्रथिनं असतात, डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा असतात. बऱ्याचदा निर्णय आधीच झालेला असतो आणि मेथिलेशन त्यावर कडी लावतं.

ही कडी काढली तर? पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी उंदराच्या साध्या पेशींना ॲझासायटिडीन नावाचं औषध दिलं. त्याने मेथिलच्या खुणा कमी होतात. काही दिवसांनी त्या भांड्यातल्या काही पेशी स्नायूच्या झाल्या, चक्क आकुंचन पावू लागल्या!

मधमाश्यांचं उदाहरण तर वर्गात नक्की सांगा. राणी माशी आणि कामकरी माशी यांच्या डीएनएत फरक नसतो, फरक अळीला मिळणाऱ्या खाद्यात असतो. २००८ मध्ये संशोधकांनी अळ्यांमधलं मेथिल खूण लावणारं एक विकर बंद केलं, तर बऱ्याच अळ्यांच्या राणीसारख्या माश्या झाल्या. आणि हो, वॉडिंग्टन यांनी ज्या फळमाशीवर आयुष्य घालवलं, तिच्या डीएनएत मेथिलेशन जवळजवळ नसतंच. दोर कशाचा आहे हे त्यांना त्या माशीत सापडणं शक्यच नव्हतं.

खुणा चुकल्या की

कर्करोगाच्या पेशीत दोन्ही बाजूंनी गोंधळ दिसतो. एकूण डीएनएवरच्या खुणा कमी झालेल्या असतात, हे १९८३ मध्ये दिसलं. आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या काही जनुकांवर मात्र नको इतक्या खुणा बसून ती बंद पडतात. जनुक मोडलेलं नसतं, नुसतं झाकलेलं असतं. म्हणूनच ॲझासायटिडीन कामाला आलं. रक्तपेशी तयार होण्यात बिघाड होणाऱ्या एका गंभीर आजारावर अमेरिकेत २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

दुसरा आजार आपल्या शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. रेट सिंड्रोम. हा बहुतेक मुलींना होतो. बाळ पहिले सहा ते अठरा महिने ठीक वाढतं, मग शिकलेले शब्द जातात, हातांनी वस्तू धरणं जातं, हात सारखे चोळत राहण्याची सवय लागते. यात मेथिलच्या खुणा जागेवर असतात, पण त्या वाचणारं प्रथिन बिघडलेलं असतं. हे प्रथिन एड्रियन बर्ड यांच्या गटाने शोधलं होतं आणि १९९९ मध्ये त्याच्या जनुकाचा या आजाराशी संबंध सापडला. बर्ड यांनी वॉडिंग्टन यांच्याच एडिंबरात काम केलं. २००७ मध्ये तिथे त्यांच्या गटाने आजारी उंदरांमध्ये ते जनुक पुन्हा चालू केलं, आणि उंदीर बऱ्याच अंशी सुधारले. माणसांसाठी अजून तसा इलाज नाही. पण मेंदू कायमचा मोडला असं जे समजलं जायचं, ते उंदरांत तरी खरं ठरलं नाही.

आणखी एक. हा जनुकीय बदल बहुतेक वेळा नव्यानेच झालेला असतो. आईने गरोदरपणात काय खाल्लं, काय पाहिलं, यामुळे नाही. अशा मुलीच्या आईला नातेवाइकांकडून काय काय ऐकावं लागत असेल, याचा विचार करा.

हल्ली व्याख्यानांत एपिजेनेटिक्सच्या नावावर विचार बदला, जनुकं बदलतील असं छातीठोक सांगतात. तसा पुरावा नाही. उलट टोकही तितकंच चुकीचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाबद्दल मी स्वतः स्टाफरूममध्ये म्हणाले होते, की याच्या रक्तातच गणित नाही. तो पुढच्या वर्षी भागाकार बिनचूक करू लागला. त्याच्या पेशींत काय झालं ते मला माहीत नाही, पण माझं वाक्य चुकलं होतं एवढं नक्की.

शेवटचं वर्ष

वॉडिंग्टन यांना चित्रकलेची आणि नाचाची आवड होती. आधुनिक चित्रकला आणि विज्ञान यांच्या नात्यावर त्यांनी १९६९ मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. त्यांची एक मुलगी गणितज्ञ झाली, एक मानववंशशास्त्रज्ञ. २६ सप्टेंबर १९७५ रोजी एडिंबरात त्यांचं निधन झालं. हॉलिडे आणि प्यू यांचा लेख त्याच वर्षी जानेवारीत प्रसिद्ध झाला होता.

वर्गासाठी कृती : एक जुनी चादर घ्या. चार मुलांना चार कोपरे धरायला सांगा, एक बाजू उंच. चादरीला खालून पाच-सहा ठिकाणी सुतळ्या बांधा आणि चादरीखाली बसलेल्या मुलांच्या हातात द्या. सुतळ्या ओढल्या की वर दऱ्या पडतील. उंच बाजूने गोटी सोडा. मग एकच सुतळी सैल करायला सांगून पुन्हा सोडा. प्रत्येक वेळी गोटी कुठे थांबेल, ते मुलांनी आधी वहीत लिहायचं आणि मगच सोडायची.